सपाट देशाचा माथा

मला डोंगर चढण्याचा छंद आहे आणि मी कुवेतमध्ये राहतो. या दोन गोष्टी एका दमात सांगितल्या की समोरचा माणूस आधी माझ्याकडे बघतो आणि मग माझ्या बायकोकडे. बायको मान हलवते. तिला सवय झाली आहे.

कुवेत किती सपाट आहे हे इथे राहिल्याशिवाय कळत नाही. रिग्गईत आमच्या इमारतीसमोर नवा स्पीडब्रेकर झाला, तेव्हा मुलीने मला खिडकीपाशी बोलावलं आणि म्हणाली, "बाबा, युअर न्यू माउंटन." मी जाऊन पाहिलाही. चांगला होता.

तरी शहराच्या उत्तरेला मुतला नावाची एक लांबलचक कड आहे. पिवळट, भुसभुशीत, माथ्यावर मोबाइलचे मनोरे. पायथ्यापासून वर पोचायला आमच्या घरी चहाला आधण येतं तेवढाच वेळ लागतो. पण मी ती नेमाने चढतो. थंडीचे चार महिने, शुक्रवारी सकाळी. बाकीचे महिने चढण्याचे नसतात, काढण्याचे असतात. आणि वर पोचलो की मी शर्ट काढून वाऱ्यात उभा राहतो. हे मात्र समजावून सांगावं लागेल, आणि त्यासाठी माझ्या वडिलांकडे जावं लागेल.

बाबा पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन होते. पुण्याच्या आसपासचा एकही डोंगर त्यांनी सोडला नाही. कचेरीतले पाचसहा सहकारी मिळून त्यांचा एक कंपू होता आणि त्या कंपूचा एक नियम होता. माथ्यावर पोचलं की घामाने भिजलेले कपडे काढायचे, नीट घडी करायची, घडीवर दगड ठेवायचा आणि अंग वाळेपर्यंत वाऱ्यात उभं राहायचं. ओल्या कपड्यांत वारं लागलं की छातीत कफ होतो, असं त्यामागचं शास्त्र. कपडे म्हणजे सगळे कपडे. पुढे गडांवर गर्दी वाढली तेव्हा त्यांनी रीतसर बैठक घेऊन नियमात दुरुस्ती केली. गर्दीच्या गडावर चड्डी राहील, मोकळ्या डोंगरावर काही राहणार नाही. यात कुणाला गंमत वाटत नसे. दात घासण्याबद्दल बोलावं तसे ते त्याबद्दल बोलत.

लहानपणी मला ते बरोबर नेत. सहा मध्यमवयीन सरकारी नोकर दिगंबर अवस्थेत कड्याच्या टोकावर उभे आहेत आणि वेतन आयोगावर चर्चा करताहेत, हे दृश्य मी इतक्या वेळा पाहिलं आहे की वेतन आयोग म्हटलं की मला अजून तेच दिसतं. मी डोळे मिटून बसायचो. मोठेपणी हा प्रकार आपण करायचा नाही, असं मी मनाशी पक्कं ठरवलं होतं.

मोठेपणी मी इंजिनिअर झालो, इथल्या एका पेट्रोकेमिकल प्लांटवर लागलो आणि इथे आलेल्या दुसऱ्याच हिवाळ्यात एका शुक्रवारी मुतलाच्या कडेवर शर्ट काढून उभा राहिलो. आसपास कुणी नव्हतं. फार बरं वाटलं. तेव्हापासून काढतो. फक्त शर्ट. त्यापुढे गेलं तर इथला कायदा काय म्हणतो ते मला नक्की माहीत नाही आणि चौकशी करण्याची माझी इच्छा नाही.

माझ्याबरोबर एक मित्र येतो. रत्नागिरीकडच्या खाडीकाठच्या गावचा. इथल्या राई नावाच्या भागात त्याचं गाड्यांच्या सीट कव्हरचं दुकान आहे. मी कव्हरं बसवायला गेलो आणि फोनवर बायकोशी मराठीत भांडलो, तिथे आमची ओळख झाली. त्याला डोंगरांचं काडीचंही प्रेम नाही. "लहानपणी डोंगर उतरून शाळेत जायचो नि चढून घरी यायचो. पोट भरलं माझं," असं तो म्हणतो. तो न्याहारीसाठी येतो. वर पोचल्यावर फक्त बूट काढतो. "आमच्यात बेंबीपासून गुडघ्यापर्यंत झाकून ठेवायचं असतं," त्याने मला एकदा सांगितलं, "नि त्याच्या वरचं माझं काय दाखवण्यासारखं नाय."

गेल्या ऑक्टोबरात माझी आई गेली. पोटात दुखतं म्हणून दवाखान्यात गेली आणि दिवाळीच्या आत संपलं. मी पोचलो तेव्हा बाबा दारात उभे होते, पूर्ण कपड्यांत, पायात बूट. दिवस झाल्यावर मी त्यांना व्हिजिट व्हिसावर इथे घेऊन आलो. मी एकुलता एक. परतीचं तिकीट जानेवारीअखेरचं काढलं होतं, पण माझ्या मनात ते वापरायचंच नव्हतं. त्या रिकाम्या घरात हा माणूस एकटा कसा राहणार? व्हिसा वाढवायचा, पुढचं पुढे बघू, असं मी धरून चाललो होतो. त्यांच्या मनात काय होतं हे कळायला मार्ग नव्हता, कारण ते बोलतच नव्हते.

हो, नको, झालं. एवढ्या तीन शब्दांत त्यांचं कुवेत चाललं होतं. सकाळी सहाला उठायचे. अंघोळ करून शर्ट खोचायचे, पट्टा लावायचे, मोजे-बूट चढवायचे आणि सोफ्याच्या कोपऱ्यात बसायचे. कुणीतरी हाक मारील आणि निघावं लागेल, अशा तयारीत. रात्री झोपायला जाईपर्यंत तसेच. ज्या माणसाने अख्खा सह्याद्री उघड्या अंगाने पाहिला, तो माझ्या घरात गळ्यापर्यंत बटणं लावून बसला होता. ते मला बघवत नव्हतं.

आम्ही आमच्या परीने काळजी घेत होतो. बायकोने कुठल्याशा समुपदेशकाचा व्हिडिओ पाहिला होता. जखमेवरची खपली काढू नका, असं त्यात होतं. आम्ही घरात नियम केला की आईचा विषय काढायचा नाही. तिचा फोटो कपाटात गेला. तिच्या हातचे म्हणून जे पदार्थ आमच्याकडे ओळखले जायचे ते बंद झाले, म्हणजे थालीपीठ आणि अळूची भाजी गेली. मुलीलाही बजावलं. ती "ओके" म्हणाली आणि तिने नियम काटेकोर पाळला. घरात सगळं सुरळीत चाललं होतं आणि सोफ्याच्या कोपऱ्यात बाबा बूट घालून बसले होते.

मित्र म्हणाला, "काकांना डोंगरावर ने. नायतर ते असेच बसून सुकतील."

म्हणून त्यांना मुतलाला नेलं. पायथ्याशी गाडी थांबवली. बाबा उतरले आणि इकडेतिकडे बघू लागले.

"डोंगर कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"हाच."

त्यांनी बराच वेळ निरखून पाहिलं. "पर्वती याहून उंच आहे," ते म्हणाले. "आणि तिला पायऱ्या आहेत."

कुवेतमधलं त्यांचं हे सर्वांत लांब बोलणं होतं. मला इतका आनंद झाला की मी मित्राचा हात दाबला. वर गेल्यावर मी मोठ्या आशेने शर्ट काढला. बाबा कडेवर उभे राहिले, तसेच, खोचलेल्या शर्टात. खाली महामार्गावरून ट्रक चालले होते.

"इथे गाड्या जातात," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "या देशात सगळ्यात उंच काय आहे?"

मी शहरातल्या उंच इमारतींची माहिती देऊ लागलो.

"इमारती कोण चढतंय," ते म्हणाले. "जमीन विचारतोय."

जमीन उंच आहे ती साल्मीकडे, पार पश्चिमेला, सीमेच्या अंगाला. मुतलाच्या दुप्पट तरी उंच. पण तिथे डोंगर असा नाही. शहरापासून जमीन हळूहळू, कुणाला कळू न देता चढत जाते. सगळी चढाई आपण गाडीत बसल्या बसल्या करतो आणि शेवटी सीमेपाशी पोचतो, तेव्हा आपण देशाच्या माथ्यावर असतो आणि समोर काहीही नसतं. ही व्यवस्था बाबांना मान्य नव्हती. माथा चालत गाठला पाहिजे. शेवटी तडजोड झाली की गाडी डांबरी रस्त्यावर ठेवायची आणि तिथून पुढे चालायचं.

पुढच्या शुक्रवारी आम्ही गेलो. मित्र गाडीपाशी थांबला. त्याच्याकडे थर्मास होता, खुबूसची रोटी होती, आणि सपाट जमिनीवर चालून माथा गाठण्यात त्याला काही अर्थ दिसत नव्हता. पाकिटं आणि ओळखपत्रं मी त्याच्याकडे दिली. माझ्या हातात फोन राहिला, कारण उंची त्यावरच कळणार होती.

आम्ही चालू लागलो. बाबा पुढे, मी मागे. त्यांची चाल बदलली होती, गडावरची झाली होती, पुढे किंचित झुकून, हात पाठीशी.

"चढ लागला का?" त्यांनी विचारलं.

मी फोनमध्ये पाहिलं. "लागला असावा."

आकडा एकेक मीटरने वाढत होता. मग वाढायचा थांबला. बाबांनी तिथल्या तिथे एक फेरी मारली, डोळे बारीक करून चारी दिशांना पाहिलं आणि जाहीर केलं, "हाच माथा." मीही पाहिलं. चारी बाजूंना एकच दृश्य होतं. पायाशी टायरचा एक तुकडा आणि पेप्सीचा चेपलेला डबा.

बाबा खाली बसले आणि त्यांनी बुटांच्या नाड्या सोडायला सुरुवात केली. मग मोजे. मग शर्ट, बनियन. लहानपणी जे बघायला लागू नये म्हणून मी डोळे मिटून बसायचो, तेच व्हावं म्हणून मी आता देवाचा धावा करत होतो. पट्ट्यापाशी त्यांचा हात थांबला.

"तू?"

"मी शर्ट काढतो ना."

"मोकळा डोंगर आहे," ते म्हणाले. मग माझी समजूत घालावी तसं म्हणाले, "एकट्याने काढले तर लोक वेडा म्हणतात. दोघांनी काढले तर छंद म्हणतात."

मी काढले. सगळे. घड्या केल्या. ठेवायला दगड नव्हता म्हणून बूट ठेवले. आणि आम्ही बापलेक कुवेतच्या माथ्यावर जानेवारीच्या वाऱ्यात उभे राहिलो. वाळवायला घाम आला नव्हता, त्यामुळे नुसताच काटा आला. बाबांनी डोळे मिटले होते. आता ते बोलतील असं मला वाटत होतं. त्यासाठीच मी एवढा त्याग केला होता. ते काही बोलले नाहीत. त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "ते तिकडे जास्त उंच वाटतंय."

आम्ही तिकडे गेलो. ते खरंच एक मीटर जास्त होतं. तिथून आणखी एक जागा उंच वाटली. तीही होती. मग चौथी, ती नव्हती, म्हणून तिसरीवर परत आलो. बाबांमध्ये एकदम जान आली होती. ड्राफ्ट्समनचा हात हवेत रेषा मारत होता. "इथून उतार तिकडे जातो बघ," असं ते दाखवत होते आणि मला उतार दिसत नव्हता, पण मी हो म्हणत होतो. शेवटी दात वाजायला लागले तेव्हा कपडे घालायला निघालो.

कपडे नव्हते.

गडावर कपडे हरवत नाहीत. तिथे टाकं असतं, बुरूज असतो, पडकं देऊळ असतं. टाक्यापाशी ठेवले तर टाक्यापाशीच असतात. त्या भरवशावर बाबांनी आयुष्य काढलं होतं आणि त्यांच्या भरवशावर मी. इथे आमची खूण म्हणजे टायरचा तुकडा. असे तुकडे साल्मीत सगळीकडे आहेत हे आम्हाला थोड्या वेळाने कळलं. तसे डबेही सगळीकडे आहेत.

"घाबरायचं कारण नाही," बाबा म्हणाले. "पट्टे पाडून शोधू." त्यांनी जमिनीचे मनातल्या मनात पट्टे पाडले. मी एका पट्ट्याने जायचं, ते शेजारच्या, आणि टोकाला जाऊन उलट फिरायचं. दोन विवस्त्र माणसं माना खाली घालून, समांतर रेषेत, शिस्तीने वाळवंटात येरझाऱ्या घालू लागली. मध्येच मी गारठून वाकडा झालो तर बाबा ओरडायचे, "रेघ सोडू नकोस!"

शेवटी मी मित्राला फोन केला.

"कपडे सापडत नाहीत," मी म्हणालो.

"कुणाचे?"

"दोघांचे."

"हायस कुठं तू?"

"माथ्यावर."

"कुठला माथा?" तो म्हणाला. "मला हितनं काय दिसत नाय."

मी फोनवरून ठिकाण पाठवलं. हीच अक्कल कपडे काढताना आली असती तर पुढचं काही घडलं नसतं. तो रस्ता सोडून गाडी घेऊन आला. लांबूनच त्याने आम्हाला पाहिलं, गाडी वळवली आणि मागचा भाग आमच्याकडे करून थांबवला. खाली उतरून, पाठमोराच, एका हाताने डोळे झाकून त्याने डिकी उघडली.

"या अल्ला," तो म्हणाला. "काका, जे मिळेल ते घ्या."

डिकीत गिऱ्हाइकाकडे पोचवायची सीट कव्हरं होती. तपकिरी रेक्झिन, पांढरी शिलाई, कुठल्यातरी मोठ्या गाडीच्या मापाची. बैठकीचं कव्हर कमरेला गुंडाळून त्याचे इलॅस्टिकचे हूक मागे अडकवता येतात. पाठीचं कव्हर खांद्यावर शालीसारखं घेता येतं. बाबांच्या बरगडीवर 'एअरबॅग' असं इंग्रजीत लिहिलेलं आलं. त्यांना ते नीट बसलंही.

आम्ही गाडीत शिरलो, मित्राने गाडी वळवली आणि मागचं चाक भुसभुशीत वाळूत रुतलं. जितका जोर केला तितकं खोल गेलं.

थोड्या अंतरावर तंबू दिसत होते. हिवाळ्यात इथली कुटुंबं वाळवंटात मुक्काम टाकतात, जनरेटर, टीव्ही, सगळ्यासकट. मदत तिथेच मिळणार होती. मी म्हणालो, मित्राने एकट्याने जावं. बाबा म्हणाले, "मी गाडीत कुडकुडत बसणार नाही." म्हणून आम्ही तिघंही गेलो. मित्र पुढे, मागे आम्ही दोघं, रेक्झिनचा करकर आवाज करत.

तंबूसमोर सतरंजी अंथरलेली होती, शेगडीत निखारे होते, आणि बाबांच्याच वयाचे एक गृहस्थ टेकून बसले होते. त्यांनी आम्हाला येताना पाहिलं. पायांपासून वरपर्यंत पाहिलं. बरगडीवरचं वाचलं. मग उठून उभे राहिले, तिघांशी हात मिळवला आणि आत वळून काहीतरी म्हणाले. आतून इस्त्री केलेल्या दोन डिशडाशा, इथले अरबी झगे, आल्या. त्यांची मुलं दोरखंड घेऊन आमच्या गाडीकडे गेली. हे असं का, हे त्यांनी विचारलं नाही, तेव्हा नाही आणि निघतानाही नाही. त्यांच्या रिवाजात पाहुण्याला कारण विचारत नाहीत. मी त्यांच्या जागी असतो तर विचारलं असतं.

आम्ही कपडे घालून बसलो. पांढऱ्याशुभ्र, पायघोळ डिशडाशात बाबा एखाद्या मंत्र्यासारखे दिसत होते. कॉफी आली, खजूर आले, मग चहा. मग त्या गृहस्थांनी बाबांकडे वळून विचारलं, "शलोन अल-अहल?"

"घरची मंडळी कशी आहेत, विचारतात," मित्राने सांगितलं.

हा इथला रोजचा प्रश्न. तुम्हाला दुकानदार विचारतो, शिपाई विचारतो, साहेब विचारतो. त्याला एकच उत्तर असतं, अल्हम्दुलिल्लाह, आणि त्यावर विषय संपतो. घरी काय चाललं आहे हे खरंच सांगायचं नसतं. मी स्वतः आई गेल्यानंतर कामावर परत आलो, तेव्हा पहिल्या दिवशी दहा जणांना हेच उत्तर दिलं होतं. पण बाबा पुण्याचे. प्रश्न विचारला म्हणजे उत्तर हवं आहे असा त्यांचा समज. त्यांनी चहाचा पेला खाली ठेवला.

"घरी कुणी नाही," ते म्हणाले. "बायको ऑक्टोबरात गेली."

मित्राने माझ्याकडे पाहिलं. मी हळूच म्हणालो, "अल्हम्दुलिल्लाह म्हण आणि सोड."

"सांग त्यांना," बाबा म्हणाले. ते मला नव्हतं, मित्राला होतं.

मित्राने सांगितलं. गृहस्थांनी तळवे वर करून दुआ म्हटली, चेहऱ्यावरून हात फिरवला आणि विचारलं, "काय झालं होतं?"

आणि बाबा बोलायला लागले. दुखणं कसं सुरू झालं, डॉक्टर काय म्हणाले, मग दुसरे डॉक्टर काय म्हणाले. शेवटच्या आठवड्यात तिला खाणं नको होतं पण गप्पा हव्या होत्या. पहाटे तिने पाणी मागितलं, ते आणायला उठले, आणि पाणी घेऊन आले तेव्हा ती नव्हती. पेला कुठे ठेवावा ते त्यांना कळेना. हे मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं. एकेका वाक्याला ते थांबत आणि मित्र ते अरबीत सांगे. मित्राचा आवाज हळूहळू घोगरा होत चालला होता. एका सुट्टीत पुण्याला येऊन त्याने माझ्या आईच्या हातचं खाल्लं होतं.

गृहस्थांनी विचारलं, "त्यांच्या हातचं काय चांगलं व्हायचं?"

"अळूची भाजी," बाबा ताबडतोब म्हणाले.

मित्र अडला. "काका, अळूला अरबीत काय म्हणतात मला नाय माहीत."

"मोठं पान सांग. घशाला खाजतं म्हणावं, पण ती करायची तेव्हा खाजायचं नाही."

हे भाषांतर होऊन पोचलं. गृहस्थांनी गंभीरपणे मान डोलावली.

"तिला डोंगर आवडायचे नाहीत," बाबा म्हणाले. "एकदाही आली नाही. पण मी परत आलो की विचारायची, काय पाहिलंत? मी म्हणायचो, विशेष काही नाही. आणि मग ते विशेष काही नाही सांगता सांगता मला झोपायची वेळ व्हायची." ते शेगडीकडे बघत होते. "पुण्यात आमच्या खालचा वाणी तिचं नाव काढतो. भाजीवाली काढते. समोरच्या बाई तर रोज काढतात आणि रोज रडतात. मला तिथे परत जायचंय. इथे मी आल्यापासून एकानेही तिचं नाव घेतलं नाही. फोटोसुद्धा दिसत नाही. मला वाटलं, मुलगा कामात असतो, विसरला असेल."

मित्राने हे अरबीत सांगितलं नाही. तो माझ्याकडेही बघेना.

"सांग ना," बाबा म्हणाले.

त्याने सांगितलं. यजमान पहिल्यांदाच माझ्याकडे वळले. रागाने नाही. त्यांनी फक्त खजुरांची थाळी माझ्यासमोर सरकवली. मला इतकं रडू आलं की मी थाळीकडे बघतच राहिलो. डिशडाशा दुसऱ्याची, नाक पुसायला बाही वापरणं बरं दिसलं नसतं.

परतीच्या रस्त्यावर मी बाबांना सांगितलं की तिकीट आहे तसंच ठेवतो. ते "हो" म्हणाले. पण ते आधीच्या तीन शब्दांतलं हो नव्हतं. मग त्यांनी विचारलं की या डिशडाशा धुऊन परत कुठे द्यायच्या, आणि पुढचा अर्धा तास मित्र आणि ते त्यावर बोलत होते. मित्र वाट वाकडी करून आधी अब्बासियाला थांबला. तिथल्या भारतीय दुकानातून मी अळूची पानं आणली. शिळी होती, कडा काळ्या पडलेल्या. घेतली.

दार मुलीने उघडलं. आम्हाला दोघांना अरबी वेशात आणि अनवाणी बघून ती म्हणाली, "व्हॉट हॅपन्ड?"

"सांगतो," बाबा म्हणाले, "आधी वाढा."

आणि जेवताना त्यांनी सांगितलं, सगळं, पट्ट्यांसकट आणि एअरबॅगसकट. मुलगी हसून हसून खुर्चीवरून घसरली. बायको एकीकडे हसत होती आणि एकीकडे माझ्याकडे बघत होती, की हे काय आणि आता पुढे काय.

मी पाणी प्यायलो आणि म्हणालो, "आई असती तर आधी म्हणाली असती, पायात काही नव्हतं का?"

बायकोचा डाव हातात तसाच राहिला. मुलगी आळीपाळीने आमच्या तोंडाकडे बघू लागली.

बाबांनी घास संपवला. "छे," ते म्हणाले. "आधी म्हणाली असती, नवा शर्ट होता."

"नाही हो," बायको म्हणाली आणि तिने डाव खाली ठेवला. "आधी माझ्यावर ओरडल्या असत्या, की तू यांना जाऊच कसं दिलंस."

"आजी वुड लाफ फर्स्ट," मुलगी म्हणाली. "आय नो."

यावर आम्ही चौघं खूप वेळ भांडलो. आई आधी काय म्हणाली असती, आणि मग काय. मध्ये मी उठून कपाटातून तिचा फोटो आणला आणि पुराव्याला मिठाच्या डबीला टेकवून उभा केला. शेवटी बाबा जिंकले. तिला तेच जास्त ओळखत होते.